गुलाबी वस्तीत, पिवळा बाजारात

कापसाच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्यात. संध्याकाळी वाशीमच्या बाहेर रस्त्याला उभं राहिलं की गाडीमागे गाडी दिसते आणि कडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले असतात. हे पाहून लोकांना बरं वाटतं. मी मात्र या दिवसांत भिंतींकडे बघत चालते. कोणता कागद कधी लागला, त्याच्या खाली कोणता होता, एकाचा कोपरा दुसऱ्यानं का झाकला. मैत्रिणी म्हणतात, संघमित्राला सरळ रस्त्यानं चालता येत नाही. त्यांचं खरं आहे. तीन-चार वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यानं मला ही खोड लावली आणि ती काही गेली नाही.

आमच्या अनसिंगच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं फार. बाबा दरवर्षी दीक्षाभूमीवरून पिशवीभर पत्रकं आणायचे. लाल अक्षरांतली, निळ्या अक्षरांतली, काही तर इतकी पुसट की उजेडाकडे धरून वाचावी लागत. मी त्यांवरच वाचायला शिकले. बाबांचा एक नियम होता. कागद खालून वाचायचा. आधी छापखान्याचं नाव, मग प्रकाशकाचं, मग वर जायचं. ते म्हणायचे, "वर जे लिवलं ते त्याले सांगाचं हाय. खालचं त्याले लपोता येत नाही." दुसऱ्यांच्या पोरी श्लोक शिकल्या, मी हे शिकले. त्यामुळे पुढे जे दिसलं ते दिसलं.

कॉलेजसाठी मी वाशीमला पंचफुलामावशीकडे राहायला आले. माझ्या आईची ही धाकटी बहीण, दोघींचं माहेरही अनसिंगच. काका रेल्वेत गँगमन, आठवडाभर लाइनवर. मावशी दिवसा कापूस वेचायला, तूर सोंगायला जायची आणि जयंतीला, लग्नाला, नामकरणाला बाबासाहेबांची गाणी गायची. तिच्या आवाजात गोडवा कमी आणि धार जास्त होती. तिचा वरचा सूर लागला की बसलेल्या माणसाची पाठ आपोआप ताठ व्हायची. पण तिला ऐकणारे सगळे आमच्याच वस्तीतले. वस्तीच्या पलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे बाजार, आणि बाजारात तिला ओळखणारं कोणी नाही.

त्या वर्षी बाजाराच्या मागच्या अंगाची, कापसातली सरकी काढणारी एक जिनिंग रिकामी पडली होती. कापूस सरकार विकत घेऊ लागलं होतं, व्यापाऱ्यांचा धंदा बसला होता. टिनाच्या लांबलचक शेडमध्ये नुसत्या पाली फिरत होत्या. जिनिंगच्या शेठजींनी यंत्रांवर ताडपत्री टाकली, पुढे फळ्यांचा मंच बांधला, भाड्याचे माइक आणले आणि दर शनिवारी गाण्याचा कार्यक्रम सुरू केला. दिवाळीनंतर उघडलेला तो हॉल होळीनंतर मिटला. पण तेवढ्या दिवसांत तिथे कव्वालीचे मुकाबले झाले, अकोल्याचा ऑर्केस्ट्रा येऊन गेला, बेलबॉटम घातलेल्या एका पोरानं वाशीमला विजेवरची गिटार ऐकवली. त्यानं पहिली तार छेडली तशी आढ्यात वर्षानुवर्षं साचलेली रुई भुरभुर खाली यायला लागली. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे गाणारा कोणीही असो, त्याच्या केसांवर, हार्मोनियमच्या पट्ट्यांवर, माइकच्या जाळीवर ती रुई बसायचीच. आजही कुठे सरकीचा तेलकट वास आला की मला आधी गिटार ऐकू येते.

शेठजींनी मावशीला जयंतीच्या मिरवणुकीत ऐकलं होतं. हॉलमध्ये गायला ये म्हणून त्यांचा निरोप आला, तेव्हा वस्तीत आनंद झाला आणि मला शंका आली. याच जिनिंगमध्ये आमच्या बाया कामाला चालत होत्या, पण त्यांच्या पाण्याचा माठ वेगळा होता. तोच माणूस आता मंचावर बोलावतो तो कायले? वरून आणीबाणीचे दिवस. सभा घ्यायची सोय नव्हती, पत्रक छापायला छापखानेवाले घाबरत होते, बाबांची पिशवी त्या वर्षी जवळजवळ रिकामी आली होती. गाण्याला मात्र सगळी मोकळीक. प्रत्येक पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं असे, 'केवळ मनोरंजनाचा कार्यक्रम'. त्या 'केवळ'वर माझी नजर अडायची. इतक्या खात्रीनं कोणी काही सांगितलं की मला वाटतं, याला कोणी तरी विचारलं असणार.

मी ती पोस्टरं जमवायला लागले ती काही आवड म्हणून नाही. कागद मिळत नव्हता, आणि पोस्टरची मागची बाजू कोरी असते. माझी पत्रकं मी हातानं लिहायचे आणि कॉलेजच्या भिंतीला लावायचे. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ओलं गोणपाट घेऊन निघायचं. पोस्टरवर ते दाबून धरायचं, खळ भिजली की वरच्या कोपऱ्यापासून हलक्या हातानं कागद सोडवायचा. घाई केली की फाटायचा. उशीर केला की बकऱ्या यायच्या. खळ गव्हाच्या पिठाची, आणि बकऱ्यांना तिचा भारी नाद. कित्येक गायकांची नावं मी बकरीच्या तोंडातून ओढून काढली आहेत. एका कव्वालाचं अर्धं नाव अजून तसंच आहे, पुढचं बकरीनं खाल्लं.

मग एका गुलाबी पोस्टरवर सगळ्यात वर, लाकडी ठशांच्या जाड अक्षरांत दिसलं, 'पंचफुलाबाई अनसिंगकर'. त्याच्या पाठीवर मला लिहिता येईना. ते मी घडी न घालता ट्रंकेत ठेवलं. तेव्हापासून मी पोस्टरं ठेवण्यासाठी जमवू लागले.

हॉलमध्ये पुढे खुर्च्या आणि मागे सतरंज्या होत्या. कोणी कुठे बसायचं ते कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि कोणी चुकतही नव्हतं. मी मावशीसोबत जायचे आणि मंचाच्या बाजूला बसायचे. तिथून मला एक गोष्ट दिसली. निवेदक प्रत्येकाचं नाव घ्यायचा. कव्वालाचं गावासकट, तबलजीचं त्याच्या गुरूसकट. मावशीची वेळ आली की म्हणायचा, "आता येत आहेत आपल्या सर्वांच्या लाडक्या गायिका." बस. पहिल्यांदा वाटलं, विसरला असेल. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. इतक्या लाडक्या बाईचं नाव कोणी दर वेळी विसरतं का?

त्याच सुमारास बाजारातल्या कापडदुकानाच्या भिंतीवर मला पिवळं पोस्टर दिसलं. तिकडे मी फारशी जात नसे. दुकानदार हटकत. पण ते सोडवून आणलं आणि घरी गुलाबी कागदाशेजारी ठेवलं. खालून वाचायला घेतलं. छापखाना तोच. तारीख तीच, कव्वाल तेच, गिटारवालाही तोच. वरची ओळ मात्र वेगळी. पिवळ्या कागदावर पंचफुलाबाई नव्हती. तिथे होतं, 'सुमधुर भावगीते, कुमारी पुष्पलता'.

ही पुष्पलता कोण? मी तर एकही शनिवार चुकवला नव्हता आणि अशी कोणी मंचावर आली नव्हती. दारावरच्या माणसाला विचारलं तर म्हणे तिची गाडी चुकली. दर शनिवारी गाडी चुकणारी ही कोणती बाई? माझी खात्री पटली की शेठजी बाजारातल्या लोकांना खोट्या नावानं तिकिटं विकतात. मावशीला म्हटलं तर ती म्हणाली, "असंन कोनी," आणि चुलीतलं लाकूड पुढे सारत बसली. ते लाकूड पुढेच होतं. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. मी 'जनतेची फसवणूक' नावाचं पत्रक लिहिलं. भाषा जळजळीत होती. परवा ते वाचलं, तर प्रत्येक वाक्यात मला सगळं माहीत आहे, फक्त खरं काय ते माहीत नाही.

बिंग फोडलं ते कागदानंच. लग्नसराई तोंडावर आली, छापखान्यातला गुलाबी कागद पत्रिकांत संपला, आणि त्या आठवड्याची सगळी पोस्टरं पिवळ्यावर निघाली. पोस्टरं लावायचं काम चिंधूमामाकडे होतं. आमच्याच वस्तीतला हा माणूस जिनिंगमध्ये हमाल होता, आता सायकलला खळीचा डबा बांधून फिरायचा. त्याला वाचता येत नव्हतं. शेठजींनी त्याला एवढंच सांगितलं होतं, गुलाबी वस्तीत लाव, पिवळा बाजारात. आता सगळेच पिवळे. त्यानं गठ्ठ्याचे सारखे दोन भाग केले आणि लावून टाकले.

सकाळी नळावर बाया जमल्या त्या भिंतीकडे बोट करून. आमच्या भिंतींवर पुष्पलता होती. तिकडे बाजारात कापडदुकानाशेजारी, पेढीच्या दारात, पंचफुलाबाई अनसिंगकर. वस्तीत गलका झाला की पंचफुलाचं नाव उडवलं. बाजारात विचारणा सुरू झाली की ही पंचफुला कोण, आणि अनसिंगला कोणत्या गल्लीत राहते. गल्लीची चौकशी कशासाठी असते हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मी आधी चिंधूमामाला गाठलं. दोन रंग कशासाठी, हे त्यानं विचारलं नाही का? तो सायकल पुसत म्हणाला, "सरकीची पोती जनमभर इकडची तिकडं टाकली. तवा कोनाले इचारलं, का आता इचारू?" याच्यावर संशय घ्यावा की नाही हे ठरेना, म्हणून थोडा घेऊन ठेवला आणि घरी पळाले.

मावशी अंगणात सुपात तूर पाखडत होती. मी म्हटलं, "मावशी, तुहं नाव काढलं त्याहिनं. दुसरीच कोनी पुष्पलता टाकली."

"दुसरी नाही वं. ते मीच हाव."

सूप चालूच होतं. तिनं सांगितलं ते असं. पहिल्याच आठवड्यात शेठजींनी तिला विचारलं होतं. बाजारातले लोक नाव पाहून येतात, तिकडे दुसरं नाव लावू, इकडे तुझंच राहील, गाणं तर तूच गाणार. गाण्यांचीही वाटणी ठरली होती. आधी दोन भावगीतं, मग एक बाबासाहेबांचं, तेही असं की शब्दांत बाबासाहेबांचं नाव शेवटी यावं. तिनं हो म्हटलं होतं.

मला राग आला. "काहून?" एवढंच विचारलं.

"मले माइक पायजे व्हता," मावशी म्हणाली. "पोरी, बिनामाइकचं गानं आपल्याच लोकायच्या कानात जाते. त्याहिले त ते पाठ हाय. ज्याहिनं आयकाले पायजे, त्याहिच्या कानात कसं घालू?"

ती चुकत होती असं मला आजही म्हणता येत नाही. पण त्या क्षणी तोंडून निघून गेलं, "त्याहिनं पुष्पलताले आयकलं, मावशी. तुले कुठी आयकलं?"

सूप थांबलं. तिनं तुरीतला एक खडा उचलला, अंगणाबाहेर टाकला आणि पुन्हा पाखडू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठजी स्वतः आले. आमच्या दारात ते पहिल्यांदाच. खाटेवर बसले, रुमालानं मान पुसली. मी पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी तो घेतला, ओठांजवळ नेला, खाली ठेवला. मग हळू आवाजात, समजुतीनं बोलत राहिले. दोन नावांचा घोळ आता नको. एकच ठेवू, पुष्पलता, दोन्हीकडे. वस्तीला तुझा आवाज ओळखू येतोच, त्यांना कागदाची काय गरज. हॉल चालला तर अकोल्याला, अमरावतीला नेतो. आणि नाही जमलं तर पुढचे शनिवार दुसऱ्या बाईला देणं भाग आहे. शेवटी हसून म्हणाले, "नाव म्हणजे काय बाई, टोपी. घातली, काढली."

"टोपी तुमची हाय, शेठजी," मावशी म्हणाली. "डोकं माहं हाय. शनवारी सांगीन."

ते गेल्यावर मी तांब्यात डोकावले. पाणी जरा कमी दिसत होतं. पण मी तो काठोकाठ भरला होता की थोडा उणा, हे मला आठवेना. आजही आठवत नाही. तेव्हापासून घरी आलेल्या कोणालाही मी पाणी काठोकाठ भरून देते आणि ते सांडलं तरी चालतं.

शनिवारपर्यंत मावशीनं कोणाला काही सांगितलं नाही. वस्तीतल्या मोठ्या माणसांनी बजावलं की पुष्पलता होऊन गायलीस तर जयंतीला गाऊ नकोस. शेठजींचा निरोप येऊन गेला की पंचफुला होऊन गायचं तर येऊ नकोस. एका आवाजाला दोन दारं होती आणि दोन्ही बंद व्हायला आली होती. मी मनात म्हणत होते, आता जाऊच नको. ते सोपं होतं. ती मात्र निळ्या काठाचं लुगडं नेसली आणि निघाली.

शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्यांवरचे लोक ही कोण ते पाहायला आले होते, सतरंज्यांवरचे आपली कोण ते ऐकायला. निवेदक माइकपुढे आला आणि त्यानं तेच म्हटलं, आपल्या सर्वांच्या लाडक्या गायिका. मावशी पुढे आली. हार्मोनियम सुरू झाली. तिनं हातानं ती थांबवली.

"दादा," ती निवेदकाला म्हणाली, आणि माइकमधून ते साऱ्या शेडला ऐकू गेलं, "नाव राह्यलं."

तो हसला. पुन्हा म्हणाला, आपल्या सर्वांच्या लाडक्या. मागून कोणी तरी खो खो हसलं.

"ते झालं. नाव सांगा."

निवेदकानं पहिल्या रांगेत शेठजींकडे पाहिलं. शेठजी धोतरावरची रुई वेचत होते. एकेक तंतू, फार मन लावून. सतरंज्यांवरून पंचफुला, पंचफुला असा आवाज उठला. मावशीनं त्यांनाही हातानं गप्प केलं. तिला त्यांच्याकडून ऐकायचं नव्हतं. ते तिला रोजच ऐकू येत होतं. ती माइकपुढे उभी राहिली, हात पोटाशी धरून, आणि वाट पाहू लागली. रुई पडत होती. इतकी शांतता की टिन थंडीनं आकसल्याचा आवाज आला.

शेवटी निवेदक माइककडे वाकला आणि अगदी हळू, जणू स्वतःलाच सांगतोय असं म्हणाला, "पंचफुलाबाई. अनसिंगच्या."

हळू म्हटलं तरी माइकनं ते मोठं केलं. पुढच्या काही खुर्च्या सरकल्या. काही माणसं उठून गेली, काही अर्धी उठून पुन्हा बसली, आणि बरीच जागची हललीच नाहीत. कोण का बसलं, हे मी अजून शोधते आहे. मावशीनं त्या दिवशी भावगीत घेतलं नाही. जे गाणं घेतलं, त्यात बाबासाहेबांचं नाव पहिल्याच ओळीत होतं.

पुढच्या आठवड्यात पोस्टरं एकाच रंगाची निघाली, हिरवी. वस्तीत तीच, बाजारात तीच. त्यांवर पंचफुला नव्हती, पुष्पलताही नव्हती. कव्वालांच्या आणि गिटारवाल्याच्या खाली छापलं होतं, 'व इतर कलाकार'. मावशीनं ते माझ्याकडून वाचून घेतलं, एकदा मान हलवली आणि शनिवारी घरीच राहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत हॉल बंद पडला. बाजारात म्हणायचे, त्या बाईनं बंद पाडला. शेठजी म्हणायचे, शेड सरकारी खरेदीला भाड्यानं दिली. वस्तीतले म्हणायचे, आपण बंद पाडला. तिन्ही गोष्टी सांगणाऱ्याच्या सोयीच्या होत्या, म्हणून मी एकीवरही विश्वास ठेवला नाही. शेडमध्ये मात्र पुन्हा यंत्रं घरघरू लागली, हे खरं.

ती पोस्टरं माझ्या ट्रंकेत आहेत. गुलाबी आता मातकट झालीत, पिवळी तशीच. झुरळांना खळीचा वास लागतो, म्हणून कडुलिंबाचा पाला टाकते. मागच्या महिन्यात शहरातून एक ओळखीचे गृहस्थ आले होते, त्यांना प्रदर्शनासाठी काही हवी होती. त्यांनी पिवळी निवडली. म्हणे छपाई स्वच्छ आहे. मी ट्रंक लावून टाकली. त्यांना काही माहीत नव्हतं, असं सगळे म्हणतात. असेल.

मावशी गाते अजून. लांबलांबून बोलावणी येतात. गेल्या आठवड्यात कामरगावला नव्या विहाराचं उद्घाटन होतं आणि तिचं गाणं. ती सकाळीच गेली, मी कॉलेज करून दुपारच्या एसटीनं. उतरल्यावर विहाराकडे वळायचं होतं. मी बाजाराकडे वळले. किराणा दुकानाच्या भिंतीवर पोस्टर होतं, निळं. वर तिचंच नाव, गावासकट. मी खालून वाचत वर गेले, पुन्हा वरून खाली आले. मग नखानं कोपरा उचकटला, खाली काही दाबलंय का पाहायला. खाली नुसता चुना होता.

"काय वं बाई, काय करून राह्यली?" दुकानदारानं विचारलं.

म्हटलं, पाहून राह्यली.

"पंचफुलाबाईचं गानं हाय आज. सुरूबी झालं असंन," तो म्हणाला आणि गुळाच्या ढेपीवरची माशी उडवली. मी त्याच्या चेहऱ्याकडे जरा निरखून पाहिलं. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी पळत सुटले. विहाराच्या अंगणात शिरले तेव्हा पहिलं गाणं संपत होतं, टाळ्या सुरू झाल्या होत्या. निवेदकानं तिचं नाव घेतलं होतं का, हे मला कळलंच नाही. शेजारी पोराला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला वाकून विचारलं.

"घेतलं ना वं," ती म्हणाली. "बस आता खाली. मांगच्याले दिसत नाही."